तुतीसाठी वाऱ्याचं चक्र: एक्सेलमधल्या गोलावर दिशा मांडतानाच्या नोंदी

ठिकाण परभणी जिल्ह्यात सेलूच्या बाजूचं एक शिवार. सव्वा एकर तुती, तिच्या पश्चिमेला ओढा आणि पडीक पट्टा धरून शंभर मीटरवर शेजाऱ्याची तीन एकर कपाशी. कपाशीवर गनने मारलेलं औषध वाऱ्याने तुतीच्या पाल्यावर आलं तर तो पाला रेशमाच्या अळ्यांना घालता येत नाही. घातला तर बॅच जाते. म्हणून वारा कोणत्या वेळी, कुठून आणि किती जोरात येतो हे एका कागदावर गोल काढून दाखवायचं होतं. तो कागद आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, टांगायचा आणि शेजाऱ्यालाही द्यायचा.

या गोलालाच वाऱ्याचं चक्र म्हणतात: ज्या दिशेकडून वारा जास्त वेळा येतो, तिकडची पाकळी लांब. आकृती वाचायला सोपी, काढायला फसवी. खालच्या नोंदींत बहुतेक चुकाच आहेत.

सूत्रं इथे देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये फंक्शनची नावं, कॉलमची अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे. काही संगणकांवर स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो.

९ जून

दहा फुटी जीआय पाइप उभा केला. दीड फूट जमिनीत, सिमेंट-खडीत. वरती वाऱ्याची दिशा दाखवणारं वातकुक्कुट आणि कपवाला वेगमापक, खाली डब्यात लॉगर. लॉगर दर दहा मिनिटांनी एक ओळ लिहितो: वेळ, वेग, दिशा. दिशा दहाच्या पटीत देतो, ० ते ३५०.

हवामान खात्याच्या पद्धतीने वारा मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर मोजतात. आपला साधारण अडीच मीटरवर आहे. त्यामुळे वेग कमी दिसणार आणि आखाड्याजवळच्या लिंबाच्या झाडाचा अडथळा लागणार. म्हणून खांब लिंबापासून झाडाच्या उंचीच्या दहापट दूर नेला. पहिली जागा आखाड्याच्या पत्र्यापासून बारा पावलांवर धरली होती, ती सोडली. खड्डा दोनदा खणला, अर्धा दिवस गेला.

उत्तर मोबाइलच्या होकायंत्रावर घेतली आणि फसलो. फोन पाइपाला टेकवून धरला तर १८ अंशांचा फरक, दोन मीटर दूर गेलो तरी ४ अंश. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आतच असतो, म्हणजे दोष पाइपाच्या लोखंडाचा.

१० जून

काठीच्या सावलीवरून उत्तर काढायचं ठरलं. दहालाच आभाळ भरून आलं. दिवस गेला.

११ जून

आज जमलं. सपाट जागा पाण्याच्या पातळीने तपासली, एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी केली, तिच्याभोवती ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ दोरीने आखलं. सावलीचं टोक सकाळी आत येताना वर्तुळाला शिवतं तिथे एक खिळा, दुपारी परत बाहेर पडताना शिवतं तिथे दुसरा. सकाळचा सव्वादहाच्या सुमारास मिळाला, दुपारचा अडीचनंतर. दोन खिळे जोडले की पूर्व-पश्चिम रेषा. घड्याळ लागत नाही, होकायंत्र लागत नाही.

जूनमध्ये मध्यान्हीच्या सावलीवर भिस्त ठेवू नका. परभणीचा अक्षांश १९ अंशांच्या थोडा वर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो. सावली दक्षिणेला पडते आणि जेमतेम सहा-सात सेंटिमीटरची असते. "दुपारची सावली उत्तरेला" हे पाठ असलेला माणूस खांब बरोबर उलटा बसवेल.

रेषेला काटकोन दोरीने ३-४-५ मीटर घेऊन काढला, उत्तरेला वीस मीटरवर खुंटी ठोकली.

१२ जून

वातकुक्कुटाची उत्तरेची खूण खुंटीकडे केली, नटावर मार्करने रेघ मारली. एक जण खांबाशी, एक खुंटीशी असं दोघांनी मिळूनच करा. एकट्याने मान वर करून लावलेली खूण पाच-सात अंश सरकते. उद्यापासून मोजणी.

लॉगरवर नजर ठेवायला आखाड्यावर सकाळी ७ आणि संध्याकाळी ५ ला हाताने नोंद. बांबूला बांधलेली रिबीन बघायची आणि मोबाइलवरच्या शीटमध्ये दिशेचं नाव मराठीत आणि सोबत वेग टाकायचा.

१४ जून

कपाशीतून तुती कोणत्या कोनात दिसते ते काढलं. या कोनाला दिगंश म्हणतात: उत्तर शून्य, तिथून घड्याळाच्या काट्यासारखं फिरत पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०.

दोन्ही वावरांच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मोबाइलने घेतले. दशांशानंतर किमान पाच आकडे हवेत. पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर. चारच घेतले तर अकरा मीटरचं ढोबळ माप.

उत्तरेकडचं अंतर = अक्षांशातला फरक × ११०६००
पूर्वेकडचं अंतर = रेखांशातला फरक × १११३२० × कॉस(रेडियन्स(अक्षांश))
दिगंश = मॉड(डिग्रीज(एटॅन२(उत्तर, पूर्व)), ३६०)

पहिल्या खेपेला तुतीचे कोपरे १३ आणि ३४७ अंशांवर आले, म्हणजे तुती कपाशीच्या उत्तरेला! कारण एटॅन२ (दोन अंतरांवरून कोन काढणारं फंक्शन) मधला क्रम. प्रोग्रामिंगच्या बहुतेक भाषांत आधी वाय आणि मग एक्स देतात, एक्सेलमध्ये आधी एक्स आणि मग वाय. शिवाय गणिताचा कोन पूर्वेपासून उलट्या बाजूने मोजतात, आपल्याला उत्तरेपासून हवा. या दोन्हींचा मेळ असा बसतो की एक्सेलमध्ये आधी उत्तर आणि मग पूर्व लिहायचं. तसं केल्यावर ७७ ते १०३ आले.

पण हे कपाशीच्या मधल्या बिंदूवरून. फवारणी करणारा माणूस मध्यावर उभा राहत नाही, पिकाच्या ओळीओळीने फिरतो. म्हणून कपाशीच्या चारही कोपऱ्यांवरून तेच काढलं आणि सगळ्यांत कमी व सगळ्यांत जास्त कोन धरला: ४८ ते १३२. मोबाइलची जागा पाच मीटर चुकली तरी शंभर मीटरवर कोन तीनच अंशांनी हलतो, तेवढं चालेल.

२३ जून

दहा दिवसांचा डेटा उतरवला. आधी हाताच्या नोंदी घेतल्या, कारण त्या थोड्या. त्यांनीच जास्त वेळ खाल्ला.

काही नोंदींत वेग मराठी आकड्यांत होता. "१२" असं लिहिलेला सेल आमच्या शीटने मजकूर मानला, बेरीज शून्य. ओळखायची खूण सोपी: आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. फाइंड-रिप्लेस दहा वेळा चालवून मोकळे झालो.

मग दिशांची नावं. काउंटइफ नैर्ऋत्येच्या नोंदी मोजायला तयारच नव्हता. एका कॉलमात नैर्ऋत्य, नैऋत्य आणि नैरुत्य अशी तीन रूपं होती. वर ईशान्य आणि इशान्य. ती दुरुस्त केली तरी दोन ओळी सुटत होत्या. डोळ्याला शब्द अगदी सारखा. लेन फंक्शनने अक्षरं मोजली तेव्हा एकात एक अक्षर जास्त निघालं: कीबोर्डने मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकलं होतं. हाताने पुसता येत नाही, कारण दिसतच नाही.

उपाय: नावं टाइप करू द्यायचीच नाहीत. डेटा व्हॅलिडेशनने आठ दिशा आणि "शांत" अशी यादी लावली. जुन्या नोंदींसाठी एका बाजूला सगळी चुकलेली रूपं, समोर अंश, आणि त्यातून जुळणारा अंश आणणारं व्हीलुकअप फंक्शन.

२४ जून

पहिलं चक्र. पिव्होट टेबलने दिशानिहाय मोजणी, त्यावर रडार चार्ट. पाच मिनिटांत झालं आणि देखणंही दिसत होतं. सुळका खाली, दक्षिण आणि नैर्ऋत्येच्या मध्ये. पावसाळ्याच्या तोंडावर पटण्यासारखं.

साफ चूक. पिव्होटने दिशा मराठी वर्णक्रमाने लावल्या होत्या: आग्नेय, ईशान्य, उत्तर, दक्षिण, नैर्ऋत्य, पश्चिम, पूर्व, वायव्य. रडार चार्टला कोन कळत नाही. तो पहिली ओळ वर ठेवतो आणि पुढच्या ओळी घड्याळाच्या दिशेने समान अंतरावर मांडत जातो. म्हणून आग्नेय डोक्यावर, उत्तर पूर्वेच्या जागी, तिच्या शेजारी दक्षिण! ईशान्य दुसऱ्या आणि वायव्य आठव्या क्रमांकाला असल्यामुळे त्या दोघी तेवढ्या योगायोगाने आपल्या जागी बसल्या होत्या, आणि आमची नजर नेमकी त्यांच्यावरच पडली. लेबलं न वाचता चित्रावर विसंबणारा इथे हमखास सापडतो.

दुरुस्ती: पिव्होट टाकून दिला. कॉलममध्ये ०, ४५, ९० असे अंश क्रमाने लिहून समोर काउंटइफ. सुळका उठून पश्चिमेला गेला.

तेव्हापासून एक नियम. कोणतंही चक्र खरं मानण्याआधी चाचणी: सगळ्या ओळींत ०, फक्त पूर्वेच्या ओळीत १००. टोक उजवीकडे गेलं पाहिजे. मग पश्चिमेच्या ओळीत १००, टोक डावीकडे. दुसऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली की पुन्हा तेच. उत्तर-दक्षिणेवर ही चाचणी करू नका. चक्र आरशासारखं उलटं फिरलं असलं तरी त्या दोन्ही जागच्या जागीच राहतात.

३० जून

लॉगरचा डेटा. नेहमीप्रमाणे १६ दिशा घेतल्या, प्रत्येकी साडेबावीस अंशांची. सी२ म्हणजे दिशेचा सेल.

=मॉड(राउंड(सी२/२२.५, ०), १६)

यातलं मॉड (भागाकाराची बाकी) उत्तरेसाठी. उत्तरेचा भाग ३४८.७५ ते ११.२५, म्हणजे शून्याच्या दोन्ही बाजूंना. "पासून-पर्यंत" लिहून मोजलं तर अर्धी उत्तर हरवते.

चक्रात उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम या चारही दिशांना सुळके आणि मधल्या दिशा दबलेल्या. वारा इतका शिस्तीचा नसतो. कारण सापडायला संध्याकाळ झाली. लॉगर दिशा दहाच्या पटीत देतो, म्हणजे शक्य आकडे ३६. ते १६ भागांत सारखे वाटले जात नाहीत. उत्तरेच्या भागात ३५०, ० आणि १० असे तीन. त्याच्या शेजारच्या भागात २० आणि ३० असे दोनच. चार मुख्य दिशांना तीन-तीन, बाकी बारांना दोन-दोन. वारा चारी बाजूंनी सारखा आला तरी मुख्य दिशा दीडपट फुगणार.

दहाच्या पटीतल्या डेटाला १२ भाग घ्या, तीस-तीस अंशांचे. प्रत्येकात बरोबर तीन आकडे येतात.

=मॉड(राउंड(सी२/३०, ०), १२)

आठ भाग घेतले तरी खोट राहते: ३६ ला ८ ने भाग जात नाही. लॉगर पूर्ण अंश देत असेल तर १६ भाग खुशाल घ्या.

आपल्या डोळ्याला आठ दिशांची सवय, त्यामुळे बारांना नावं नाहीत. चार मुख्य दिशांची नावं लिहिली, बाकीच्या जागी अंश.

१३ जुलै

तीस दिवस पूर्ण. ४,३२० ओळी हव्या होत्या, ४,२०७ आल्या. दोनदा बॅटरी उतरली होती. वेळेचा कॉलम सलग ठेवायचा म्हणून ११३ रिकाम्या ओळी तशाच ठेवल्या आणि उत्तरेची पाकळी अचानक वाढली. रिकामा सेल एक्सेलला ० वाटतो, ० म्हणजे उत्तर. सी२=० असं विचारलं तरी रिकाम्या सेलवर "हो" म्हणतं. आधी सी२="" तपासायचं, मग बाकीचं.

याहून मोठी खोट वेगळीच होती. आग्नेयेला एक बारीक पण लांब पाकळी दिसत होती, आणि हाताच्या नोंदींत आग्नेय जवळपास नव्हतीच. ओळी वाचत गेलो. एका रात्री १३०, १३०, १३०… सलग ४८ ओळी, म्हणजे आठ तास. वेग शून्य. वारा पडला की वातकुक्कुट शेवटच्या दिशेला तोंड करून उभं राहतं आणि लॉगर इमानेइतबारे तीच दिशा रात्रभर लिहीत बसतो.

वेग ताशी २ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर दिशा धरायचीच नाही, "शांत" म्हणायचं. १,१८४ ओळी शांत निघाल्या, दिशेच्या ३,०२३ उरल्या. ३,०२३ + १,१८४ + ११३ = ४,३२०. ही बेरीज शीटच्या डोक्यावर लाल चौकटीत ठेवली आहे, मोडली की कळतं.

टक्केवारी काढताना भाजक ४,२०७, शांत ओळींसह. शांत वगळून भागलं तर पाकळ्या फुगतात आणि वारा सारखा वाहतच असतो असं वाटतं.

१४ जुलै

तासवार चक्रं: सकाळी ६ ते ९, दुपारी १२ ते ३, संध्याकाळी ४ ते साडेसहा. सकाळच्या चक्रात वारा सगळ्यांत जोराचा आला. शेतात राहणाऱ्या कुणालाही विचारा, हे होत नाही. लॉगरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं, साडेपाच तास मागे. आमची "सकाळ ६ ते ९" प्रत्यक्षात साडेअकरा ते अडीच होती.

=ए२+टाइम(५, ३०, ०)

तारीखही सरकते, म्हणून तास आणि दिवस दोन्ही या नव्या कॉलमवरूनच काढा. एका कामात तीन चक्रं पुन्हा करावी लागली. हे पहिल्या दिवशी दोन मिनिटांत तपासता आलं असतं.

१६ जुलै

बारा बिंदूंचा रडार चार्ट टोकं जोडून कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो. एका दिशेचा आकडा मोठा आणि शेजारचे लहान असले की मध्ये तिरप्या रेषा येतात आणि तिथेही वारा असल्याचा भास होतो. पाकळ्या हव्यात. त्यासाठी ३६० ओळी:

ए कॉलम: ० ते ३५९.
बी कॉलम: =इफ(अ‍ॅब्स(मॉड(ए२+१५, ३०)-१५)<=१२, इंडेक्स(टक्के, मॉड(राउंड(ए२/३०, ०), १२)+१), ०)

म्हणजे प्रत्येक भागाच्या मध्यापासून १२ अंशांपर्यंत दोन्ही बाजूंना पाकळी, त्यापुढे फट. "टक्के" हे बारा सेलच्या पट्ट्याला दिलेलं नाव. त्यातला पहिला उत्तरेचा. मग भरीव रडार चार्ट. एका अंशावर एक बिंदू असल्यामुळे पाकळीचं टोक गोलाईत दिसतं.

३६० लेबलांची गर्दी झाली. लेबलांसाठी वेगळा कॉलम केला, त्यात बारा ओळींत मजकूर, बाकी रिकाम्या.

वेगाचे तीन गट केले: २ ते ८, ८ ते १५ आणि १५ च्या वर. एक्सेलचा रडार चार्ट एकावर एक रचत नाही, सगळ्या मालिका केंद्रापासूनच सुरू करतो. पहिल्या खेपेला मागचे रंग झाकले गेले. युक्ती अशी: मालिका साचवत न्यायच्या. पहिली सगळे वेग, दुसरी १५ पर्यंत, तिसरी ८ पर्यंत, आणि याच क्रमाने. पहिली मागे राहते, पुढची तिच्यावर बसते, बाहेर डोकावणारा पट्टा म्हणजे तो गट. काउंटइफ्समध्ये एका टोकाला "<८" आणि पुढच्या गटाला ">=८". दोन्हीकडे बरोबरचं चिन्ह लावलं तर नेमक्या ८ च्या ओळी दोनदा मोजल्या जातात.

पाकळी दुप्पट लांब झाली की क्षेत्रफळ चौपट दिसतं. वर्गमूळ घेऊन हे बसवता येतं, पण मग कड्यांवरचे आकडे समान अंतरावर राहत नाहीत आणि समजावताना पंचाईत होते. लांबी सरळ ठेवली, कड्यांवर ५, १०, १५ टक्के ठळक लिहिले.

१९ जुलै

धोक्याचा पट्टा दाखवायचा आहे. तुती ४८ ते १३२ वर, म्हणून औषध तिकडे नेणारा वारा त्याच्या उलट बाजूचा:

=मॉड(दिगंश+१८०, ३६०)

२२८ ते ३१२. आपल्या बारा भागांत २४०, २७० आणि ३०० या तीन पाकळ्या मिळून २२५ ते ३१५ व्यापतात, अगदी अंगाबरोबर बसलं. तुमचा पट्टा शून्य ओलांडत असेल (समजा ३३० ते ३०) तर "पासून मोठं आणि पर्यंत लहान" ही अट कधीच खरी होत नाही. तिथे "किंवा" लावावं लागतं.

रडार चार्टवर मोकळी रेघ ओढता येत नाही, म्हणून हे चक्र स्कॅटर चार्टवर वेगळं काढलं.

एक्स = त्रिज्या × साइन(रेडियन्स(अंश))
वाय = त्रिज्या × कॉस(रेडियन्स(अंश))

पुस्तकातल्या सवयीने एक्सला कॉस लिहाल तर चक्र आडवं होऊन उलटं फिरेल. रेडियन्स विसराल तर बिंदू विस्कटलेल्या तिळासारखे पडतील. ही चूक निदान लगेच दिसते.

कडं काढायला ०, ५, १०… ३६० अशा ७३ ओळी. ७२ नाही, शेवटची पहिलीशी जुळायला हवी, नाहीतर उत्तरेला फट राहते. आरे काढायला दोन-दोन ओळी आणि मध्ये एक खरोखर रिकामी ओळ, म्हणजे रेघ तिथे तुटते. सूत्राने "" आणलेला सेल रिकामा धरला जात नाही.

दोन्ही अक्षांची किमान-कमाल हाताने सारखी ठेवा, उणे २५ ते २५. आपोआपवर सोडलं तर वर्तुळाचं अंडं होतं. ते जमल्यावरही सकाळी फाइल उघडली तर पुन्हा अंडं. रात्री कुणीतरी कॉलमची रुंदी वाढवली होती आणि चार्ट सोबत ताणला गेला होता. चार्टच्या गुणधर्मांत "सेलबरोबर हलू नये, आकार बदलू नये" निवडलं, प्रश्न मिटला.

दिशांची लेबलं एक्सेल २०१३ पासून थेट सेलमधून घेता येतात. आखाड्यावरच्या संगणकात २०१० आहे. तिथे एकेक लेबल निवडून, सूत्रपट्टीत बरोबरचं चिन्ह टाकून, सेलवर क्लिक करावं लागलं. बारा वेळा.

२२ जुलै

सेलूत ए३ वर रंगीत प्रिंट. शेजारच्या काकांना दाखवली. त्यांनी मावळतीकडच्या लांब पाकळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे वारं हिकडं जातंय ना? मग तुतीला काय धोका?"

त्यांचं चूक नाही. पाकळी बाणासारखी दिसते आणि बाण जातो तिकडे बघायची सवय. हवामानात मात्र वारा ज्या दिशेकडून येतो तीच त्याची दिशा. तोंडी बोलताना "पश्चिमेचा वारा" म्हणजे पश्चिमेकडून आलेला, हे काकांनाही पक्कं ठाऊक आहे. कागदावर ते दिसत नव्हतं.

बदल: कड्याच्या बाहेर केंद्राकडे तोंड केलेले बारा छोटे बाण, पूर्वेला हिरव्या रंगात "तुती", तीन धोक्याच्या पाकळ्या लाल, आणि डोक्यावर "वारा कुठून येतो" हे तीन शब्द. पूर्व-पश्चिमेखाली उगवती-मावळती. पुन्हा दाखवल्यावर काका स्वतःच म्हणाले, "मग वरच्या वावरातून फवारायला नको."

२४ जुलै

तीन तासवार चक्रांत दिसलं ते असं. या महिन्यात तिन्ही वेळी भर पश्चिमेचाच. दुपारी जोर जास्त, सकाळी कमी, पण दिशा तीच. "सकाळी मारलं की झालं" हा नेहमीचा सल्ला इथे अर्धाच खरा. भरीला सकाळच्या बऱ्याच ओळी शांत गटातल्या. पूर्ण पडलेल्या हवेत फवारणी सुरक्षित वाटते, पण पहाटे जमिनीलगत गार हवा साचलेली असते तेव्हा बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि पहिल्या झुळुकीसरशी कुठेही जातात. म्हणून ताशी ३ च्या खाली आणि १५ च्या वर, दोन्हीकडे फवारणी बंद असं कागदावर लिहिलं.

शेजाऱ्याशी ठरलं ते: कपाशीच्या पूर्वेकडच्या वीस ओळींवर गन नाही, हातपंप आणि मोठ्या छिद्राचा नोझल. तोही वारा लाल पट्ट्याकडून येत नसेल तेव्हाच. फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप, म्हणजे तुतीचा पाला आधी तोडून घेता येईल.

हे चक्र पावसाळ्याचं आहे. हिवाळ्यात मराठवाड्यात वारा फिरून ईशान्य-पूर्वेचा होतो, तेव्हा लाल पाकळ्या रिकाम्या दिसतील आणि तुतीवर मारलेलं कपाशीकडे जाईल. जून-जुलैचा कागद नोव्हेंबरात टांगलेला राहू नये म्हणून महिना मोठ्या अक्षरात छापला.

२५ जुलै

कुणी सरासरी दिशा विचारली तर: सरळ सरासरी काढू नका. ३५० आणि १० ची सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेच्या वाऱ्याची दक्षिण. प्रत्येक ओळीचा साइन आणि कॉस काढा, दोन्हींची वेगवेगळी सरासरी, मग एटॅन२ मध्ये आधी कॉसची, नंतर साइनची. दोन्ही सरासऱ्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की ० ते १ मधला आकडा मिळतो. तो १ च्या जवळ असेल तरच सरासरी दिशेला अर्थ. आम्ही ती कागदावर घेतली नाही. पाकळ्या पुरेशा बोलतात.

खर्च आणि वेळ

पाइप, सिमेंट, क्लॅम्प मिळून १,६५० रुपये. वातकुक्कुट, वेगमापक आणि लॉगर आधीच्या कामातले, त्यांचा हिशेब धरला नाही. बॅटरी दोनदा, ४२० रुपये. ए३ च्या चार प्रिंट आणि लॅमिनेशन २८० रुपये. त्यातल्या दोन प्रिंट बाण नसल्यामुळे फुकट गेल्या.

शीटवर एकूण सुमारे बावीस तास. निम्म्याहून जास्त दिशांच्या नावांत, ग्रीनिचच्या वेळेत आणि वारा नसतानाच्या दिशांत गेले. ३६० ओळींचं चक्र स्वतः दोन तासांचं काम आहे.

पुढचा डेटा १ ऑगस्टला उतरवायचा. त्याआधी वातकुक्कुटाच्या नटावरची रेघ तपासायची. परवाच्या वादळी पावसात खांब हलला नाही, पण क्लॅम्प सैल लागतोय.